श्वास घे म्हणून सगळेच सांगतात, सोडायचा कसा ते कुणी शिकवतच नाही

कृष्णाकाठची

नमस्कार मंडळी. दोन महिने लिहीन लिहीन म्हणतेय, आज आई झोपलीये म्हणून बसलेच लिहायला. मोठं होणारे, सांभाळून घ्या.

माझी आई ६९ वर्षांची. सगळं आयुष्य पाटण तालुक्यात. बिडी-सिगारेट सोडाच, तिने कधी मिश्रीसुद्धा लावली नाही. पण चाळीसेक वर्षं चूल. आमच्याकडे पाऊस म्हणजे किती ते त्या भागातल्यांना माहितीये, लाकडं ओली, धूर नुसता कोंडलेला आणि आई फुंकणी तोंडाला लावून फू फू करत बसलेली, हे माझ्या लहानपणाचं रोजचं चित्र. उज्ज्वलातून गॅस आला तेव्हा चहा आणि भाजी गॅसवर गेली, भाकरी आणि आंघोळीचं पाणी चुलीवरच राहिलं.

चार-पाच वर्षांपासून तिला चालताना धाप लागायची. तिकडे एका ठिकाणी खोकल्याचं औषध चालू होतं, तेच ते, दोन वर्षं. कोणी फुंकायची टेस्ट केली नाही. मग मी तिला पुण्याला घेऊन आले. आमची बिल्डिंग जुनी, तिसरा मजला, लिफ्ट नाही.

एका रात्री तिला जोरात दम लागला. आम्ही सगळे तिच्याभोवती उभे, मी, नवरा, मुलगी, आणि सगळे एकच ओरडतोय, आई मोठा श्वास घे, अजून घे, अजून घे. ती मानेच्या शिरा ताणून ओढत होती आणि हवा जातच नव्हती. एका क्षणी तिने माझा हात धरला आणि म्हणाली, "कुठं घेऊ गं, आत जागाच न्हाई."

तेव्हा मला वाटलं घाबरून काहीतरी बोलतेय. नंतर छातीच्या डॉक्टरांना मी हे सांगितलं तर ते म्हणाले, तुमच्या आई अगदी बरोबर बोलल्यात, त्यांच्या छातीत हवा कमी नाहीये, जुनी हवा बाहेर पडत नाहीये म्हणून नवीनला जागा नाही. टेस्टमध्ये सीओपीडी निघाला, म्हणजे श्वासनळ्या अडून हवा आत कोंडण्याचा फुप्फुसाचा जुनाट आजार. आणि आम्ही रात्रभर तिला अजून भर, अजून भर म्हणत होतो. आजही आठवलं की पोटात कालवतं.

औषध, इनहेलर, त्याला जोडायचा पोकळ डबा म्हणजे स्पेसर वगैरे सुरू झालं, पण मला लिहायचंय ते फिजिओथेरपीबद्दल. तिथली मुलगी म्हणाली आजी, मेणबत्ती लावते, समोर ओठांचा चंबू करून हळू फुंकर घाला, ज्योत हलली पाहिजे पण विझता कामा नये. आईने हातच मागे घेतला. दिव्यावर फुंकर घालायची नसते, ती नाही म्हणजे नाही. मी समजवायला लागले तर त्या मुलीने मला थांबवलं आणि आईच्या पिशवीत बघितलं. आई कुठेही वाट बघत बसली की वाती वळते, त्यामुळे पिशवीत कापूस. तिने त्यातला एक पुंजका काढला, बोटांनी पिंजून अगदी विरळ केला, टेबलावर आईसमोर वीतभर अंतरावर ठेवला. आजी, हा थरथरू दे, उडू नको देऊ.

पहिल्या फुंकरीला कापूस थेट टेबलाखाली. आईची सवय फुंकणीची ना. ती मुलगी म्हणाली, चूल नाही पेटवायची आजी, बशीतला चहा निववायचाय. आणि ते आईला बरोबर कळलं. नाकाने दोन आकडे आत, ओठातून चार आकडे बाहेर, कापसाचे तंतू नुसते हलत होते, आणि पाचव्या-सहाव्या वेळेला तिचे खांदे खाली आले. इतके महिने ते कानाशी आलेले होते हे मला ते खाली आल्यावर दिसलं.

तुमच्याकडे कुणाला असा अनुभव आहे का? नीट श्वास सोडणं ही गोष्ट आपल्याला शाळेत, घरात, कुठेच का सांगत नाहीत?

मिरजेची_फिजिओ

ताई, वाचून बरं वाटलं, कापसाची आयडिया मी उद्यापासून वापरणार. मी हेच काम करते म्हणून थोडं सांगते.

धडधाकट माणूस शांत बसलेला असताना एका श्वासात साधारण अर्धा लिटर हवा आत-बाहेर करतो. पण तो श्वास सोडून झाल्यावरही छातीत दोन-सव्वादोन लिटर हवा असतेच. आणि जीव खाऊन सगळी बाहेर काढली तरी लिटरभर आत राहतेच, ती मेल्याशिवाय निघत नाही आणि निघूही नये, तिच्यामुळेच फुप्फुसं मिटून जात नाहीत. म्हणजे "पूर्ण सोडा"चा अर्थ रिकामं करा असा कधीच नसतो.

आता श्वास आत घ्यायला स्नायू लागतात, मुख्य म्हणजे श्वासपटल, छाती आणि पोटाच्या मधला पडदा. सोडायला शांत असताना काहीच लागत नाही, फुप्फुसाचं स्वतःचं इलास्टिक आहे ते आपोआप आक्रसतं. सीओपीडीत नेमकं हेच इलास्टिक जातं. पायजम्याचं जुनं इलास्टिक कसं ताणलं की परत येत नाही, तसं. शिवाय बारीक श्वासनळ्या श्वास सोडतानाच मिटतात, त्यामुळे हवा मागे अडकते. प्रत्येक श्वासाला थोडी थोडी साठत जाते, आणि माणूस घाबरून भराभर श्वास घ्यायला लागला की सोडायला वेळच मिळत नाही, मग अजून साठते. श्वासपटल एरवी घुमटासारखं असतं, साठलेल्या हवेने ते खाली दाबून सपाट होतं, आणि सपाट झालेल्याला अजून खाली जायला वावच उरत नाही. तुमच्या आईंचं "जागाच न्हाई" हे इतकं अचूक आहे की मी ते माझ्या विद्यार्थ्यांना सांगणारे.

ओठांचा चंबू केल्याने आत थोडा उलटा दाब राहतो, त्याने बारीक नळ्या उघड्या राहतात आणि हवा निवांत निघते. म्हणूनच हळू. जोरात ढकललं तर त्याच नळ्या लवकर मिटतात आणि हवा उलट जास्त अडकते. फुंकणी आणि बशी हा फरक शंभर टक्के खरा आहे.

गणूदादा

लोकल दादरला थांबली की आधी उतरणाऱ्यांना उतरू द्या म्हणून आपण बोंबलतो ना, तोच प्रकार दिसतोय हा. चढणारे कितीही रेटा लावू देत, आतले उतरल्याशिवाय काही नाही.

खर्जातला_सा

मी गाणं शिकतो, वयाच्या पन्नाशीत सुरू केलं. पहिल्या दोन वर्षांत माझी सगळी मेहनत श्वास भरून घेण्यावर. तानेच्या आधी छाती फुगवून घ्यायची आणि मध्येच दम संपायचा. गुरुजी एकदा म्हणाले तुझा श्वास संपत नाही, तू तो सांडतोस. मग त्यांनी सहा महिने खर्जाचा, म्हणजे अगदी खालचा, सा लावायला सांगितला, पहाटे, तंबोऱ्यावर, आवाज मोठा नाही, नुसता एकसारखा. सा संपला की लगेच घ्यायचा नाही, जे उरलंय ते जाऊ द्यायचं आणि पोट आपोआप सैल होईल तेव्हा श्वास आपसूक आत येईल तो घ्यायचा. त्याला ओढायची गरजच पडत नाही, हे कळायला मला सहा महिने लागले पण कळलं त्या दिवशी मी तिथेच बसून रडलो होतो.

दमसास हा शब्दच बघा ना आपला. गाणाऱ्याचा दमसास चांगला म्हणतो तेव्हा आपण त्याच्या सोडलेल्या श्वासाचंच कौतुक करत असतो, गाणं सगळं सोडलेल्या श्वासावरच चालतं.

नीलिमा_टी

अभंग म्हणताना, हरिपाठ म्हणताना पण हेच होतं. ओळ लांब, श्वास छोटा घेऊन लांब सोडायचा. माझी सासू वारीला जायची, दिवसभर चालून भजन म्हणत, धाप नाही. चालून चालून छाती-पाय दोन्ही तयार झाले असणार म्हणा, पण म्हणण्याचाही वाटा असेलच.

अनुलोम

योगशिक्षक आहे, २२ वर्षं शिकवतोय. धाग्याचं शीर्षक वाचून मात्र थोडं दुखलं, कारण आपल्याकडे हे शिकवलेलं आहे हो, आपण विसरलो. पूरक म्हणजे घेणं, कुंभक म्हणजे धरणं, रेचक म्हणजे सोडणं, हे तीन शब्द आजीला माहीत असायचे. पतंजलींच्या योगसूत्रांत पहिल्या पादातलं ३४वं सूत्र बघा, प्राणाबद्दल बोलताना तिथे पहिला शब्द प्रच्छर्दन आहे, म्हणजे बाहेर टाकणं. घेण्याचं नाव नाही. रेचक हा पूरकाच्या दुप्पट ठेवायचा, चार आकडे घेतला तर आठ आकडे सोडायचा, हे प्राणायामाच्या वर्गात पहिल्या आठवड्यात शिकवतात.

लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम सुरू केलं आणि त्याच वर्षी योगमीमांसा त्रैमासिक काढून उड्डियान, नौली या पोटाच्या क्रियांवर क्ष-किरण आणि दाबमापक लावून प्रयोग छापले. उड्डियान बंध, म्हणजे पोट आत-वर ओढून धरणं, तर श्वास पूर्ण सोडल्याशिवाय लागतच नाही. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी आपल्याकडे यंत्रं लावून हे बघणारी माणसं होती.

एक कळकळीची विनंती. टीव्हीवर बघून कपालभाती करू नका. त्यात सोडणं जोराचं असतं आणि घेणं आपोआप, नेहमीच्या श्वासाच्या बरोबर उलटं. बीपी, हृदयविकार, हर्निया, गरोदरपण, पोटाचं नुकतंच ऑपरेशन असं काही असेल तर नको. आणि ताईंच्या आईंना तर अजिबात नको.

शंकासूर

माफ करा पण एक विचारतो. ज्याला काहीच आजार नाही त्याने हे करायचं का? मी हे वाचता वाचता दहा-बारा वेळा लांब श्वास घेतले-सोडले तर चक्कर आली आणि बोटांना मुंग्या आल्या. म्हणजे माझ्यात काही गडबड आहे का?

मिरजेची_फिजिओ

@शंकासूर दादा, गडबड काही नाही, तुम्ही खूप मोठे आणि खूप जास्त श्वास घेतलेत. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा खाली गेला, म्हणून चक्कर, बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या. थोडं थांबलात की जातं. गंमत बघा, लोकांना वाटतं कार्बन डायऑक्साइड म्हणजे घाण, जितकी बाहेर तितकं चांगलं. तसं नाहीये, तो ठराविक प्रमाणात लागतोच.

निरोगी माणसाने मुद्दाम जोर लावून काही करायची गरज नाही. फक्त एक बघा, काम करताना, मोबाइल बघताना तुम्ही श्वास अर्धवट सोडून लगेच पुढचा घेता का. तसं असेल तर श्वास मोठा न घेता सोडणं थोडं लांबवा, एवढंच. श्वास सोडताना हृदयाचे ठोके थोडे मंदावतात, मनगटावर बोट ठेवून शांत बसलात तर तरुण माणसाला ते स्वतःला कळतं. व्हेगस नावाची नस आहे तिचं काम. म्हणूनच लांब सोडलं की शांत वाटतं.

पोहरा

मुलांना पोहायला शिकवतो, कोल्हापूर. नवीन पोरगं पाण्यात तोंड घातलं की श्वास कोंडून धरतं. मग डोकं वर काढल्यावर त्या अर्ध्या सेकंदात त्याला सोडायचापण असतो आणि घ्यायचापण असतो, दोन्ही होत नाही, दोन हात मारले की धापा. आणि पालक काठावरून ओरडतात श्वास घे रे श्वास घे. मी पहिले चार दिवस हातपाय मारायलाच देत नाही. कठडा धरा, तोंड पाण्यात, नाकातोंडातून बुडबुडे काढा, सगळे बुडबुडे संपले की वर या. एवढंच. पाण्यात सोडलं की वर आल्यावर घेणं आपोआप होतं. आमच्या वेळी विहिरीत ढकलून द्यायचे, जगला तो शिकला, पण मी कित्येक चांगल्या पोरांना त्या भीतीने आयुष्यभर पाण्यापासून लांब गेलेलं बघितलंय म्हणून मी बुडबुड्यांवर अडून बसतो.

दूरदेशी

मला लहानपणापासून दमा. आता थंड देशात राहते, हिवाळ्यात बाहेर पडलं की छाती आवळते. दम्यात शिट्टी वाजते ती जास्त करून सोडताना वाजते हे मला डॉक्टरने सांगेपर्यंत माझं कधी लक्षच नव्हतं. शाळेत पीटीच्या तासाला मला दम लागला की सर म्हणायचे छाती पुढे, खांदे मागे, भरून श्वास घे. माझं व्हायचं उलटंच. आता अटॅकची चाहूल लागली की आधी पंप म्हणजे इनहेलर, मग खुर्चीत पुढे वाकून कोपर गुडघ्यांवर आणि लांब सोडणं.

पंपाऐवजी नाही, पंप घेऊन. हे मुद्दाम लिहितेय कारण माझ्या एका मैत्रिणीने नुसत्या प्राणायामावर भरवसा ठेवून पंप बंद केला आणि तिला मध्यरात्री अॅडमिट करावं लागलं.

मिरजेची_फिजिओ

@दूरदेशी +१००. हे ठळक अक्षरात लिहायला हवं. दम लागला असताना वाक्य पूर्ण बोलता येत नसेल, ओठ-नखं निळसर दिसत असतील, माणूस गुंगीत जात असेल तर व्यायाम वगैरे काही नाही, सरळ हॉस्पिटल.

वाचनमात्र_होते

ताई, फुंकायची टेस्ट म्हणजे नक्की काय? माझ्या आईला पण चुलीच्या धुराची सवय आणि आता धाप लागते, घरातले म्हणतात वय झालं.

कृष्णाकाठची

@वाचनमात्र_होते, वय झालं म्हणून सोडू नका हो, आम्ही तीच चूक केली. स्पायरोमेट्री म्हणतात. नाकाला चिमटा लावतात, नळी तोंडात धरायची, पूर्ण श्वास भरायचा आणि मग जेवढ्या जोरात आणि जेवढा वेळ जमेल तेवढा फुंकत राहायचं, निदान सहा सेकंद. बाजूला उभी असलेली बाई "अजून अजून अजून" म्हणत असते. निरोगी माणसाची सत्तर-ऐंशी टक्के हवा पहिल्या सेकंदातच बाहेर येते. औषध देऊन परत फुंकायला लावतात, तरी सत्तरच्या खालीच राहिलं तर नळ्या अडताहेत. माझ्या आईचे ४६ आले होते. सुई नाही, रक्त नाही. तीन-चार वेळा फुंकावं लागतं म्हणून दमायला होतं तेवढंच.

आणि एक, पुण्याच्याच चेस्ट रिसर्च फाउंडेशनच्या डॉ. संदीप साळवी यांनी पीटर बार्न्स यांच्यासोबत २००९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं होतं की बिडी-सिगारेट न ओढणाऱ्यांनाही सीओपीडी मोठ्या प्रमाणात होतो, तेव्हा जगात साधारण १ अब्ज लोक तंबाखू ओढत होते तर जवळपास ३ अब्ज लोक लाकूड, शेणी, काटक्यांच्या धुरात होते. हे मला डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा डोळ्यांसमोर आमच्या गावातल्या सगळ्या बायका आल्या. काकी, मावशी, शेजारची आत्याबाई, सगळ्या "वय झालं" म्हणून पायरीवर बसून धापा टाकणाऱ्या.

गणूदादा

ताई, आता आई कशा आहेत? जिना कसा चढतात?

कृष्णाकाठची

@गणूदादा, सांगते. आजार गेलेला नाही आणि जाणारही नाही, डॉक्टरांनी ते स्पष्ट सांगितलंय. पण जिन्याचं सांगायचं तर आधी ती सगळा श्वास कोंडून सात-आठ पायऱ्या तरातरा चढायची आणि मग कठड्याला धरून उभी, पाच-सहा मिनिटं. मला वाटायचं चढतेय तर चढू दे एका दमात. आता उभी असताना घ्यायचा आणि चढताना सोडायचा, एका सोडण्यात दोन पायऱ्या, मग थांबायचं, मग घ्यायचा. अख्खा जिना व्हायला वेळ जवळजवळ तेवढाच लागतो, पण वर आल्यावर ती बोलू शकते. आधी दार उघडलं की नुसता हात हलवून पाणी मागायची.

वाकून उचलताना पण तेच, वाकताना सोड, थांबून घे, उचलून उठताना परत सोड. आणि वेणी. हात वर धरले की तिला धाप लागायची, म्हणून गेल्या वर्षापासून वेणी मी घालत होते. फिजिओ म्हणाली हात वर धरणारे खांद्या-छातीचे स्नायू तिच्या श्वासालाही मदत करत असतात, दोन्ही कामं एकदम झेपत नाहीत. कोपर टेबलावर टेकवून, एक पेड ओढताना लांब सोडायचा. वेडीवाकडी येते पण स्वतःची स्वतः घालते, मला हात लावू देत नाही.

अनुलोम

ताई, मी शीर्षकाबद्दल बोललो ते मागे घेतो. शिकवलेलं आहे पण जिन्यावर आणि वेणीत कसं वापरायचं हे माझ्याही वर्गात मी कधी शिकवलं नाही. पुढच्या बॅचला सत्तरीतले चार जण आहेत, त्यांना घेऊन जिन्यावरच जातो.

वाचनमात्र_होते

सोमवारची अपॉइंटमेंट घेतली आईची. तोपर्यंत कापसाचं करून घेऊ का?

मिरजेची_फिजिओ

बसून, पाठ टेकवून, पाच-सहा वेळा, दिवसातून तीन-चार वेळा करा. जोर नाही, चक्कर आली की थांबायचं. कापसाचं झालं की खुर्ची पंख्याखाली घ्या, चेहऱ्यावर वारा आला तरी दम थोडा कमी वाटतो. आणि सोमवार चुकवू नका.

कृष्णाकाठची

आणि कापूस अगदी विरळ पिंजा हं, गोळा ठेवलात तर हलणारच नाही आणि आई जोर लावतील. माझ्या आईला आत्ता हे वाचून दाखवलं, ती म्हणतेय सरकी नीट काढून घ्या नाहीतर जड होतो.